बेगमीचं शास्त्र

पाटण तालुक्यातल्या मुलांचे मला अधूनमधून फोन येतात. कुणी कऱ्हाडला डिप्लोमा करत असतो, कुणी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. ‘दादा, सप्लाय चेनला स्कोप आहे का?’

मी या क्षेत्रात पंधरा-सोळा वर्षं काढली आहेत, बरीचशी चाकण परिसरातल्या वाहन उद्योगात. त्यामुळे ‘आहे’ एवढं उत्तर सहज देता येतं. पण विचारणारा पोरगा कोयनेच्या खोऱ्यातला असला की मला ते अपुरं वाटतं. कारण ज्या विषयासाठी तो पुण्याला किंवा मुंबईला जाऊन फी भरणार असतो, त्या विषयाचे जवळजवळ सगळे धडे चिपळूण ते सांगली या रस्त्यावर गेल्या दीडशे वर्षांत प्रत्यक्ष घडून गेलेले आहेत. नफ्याचे आणि नुकसानीचे, दोन्ही. हा लेख त्या रस्त्याचा आहे.

या विषयाला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, बेगमी. कोयनेच्या खोऱ्यात मे महिना हा बेगमीचा महिना. तांदूळ, डाळ, तिखट, मीठ, सरपण, गुरांची वैरण. एकदा पाऊस लागला आणि ओढे भरून वाहू लागले की पूर्वी वाड्यावस्त्यांचा बाजाराशी संबंध तुटायचा. घरातल्या बाईला मे महिन्यातच तीन हिशोब करावे लागायचे. चार महिन्यांत घर किती खाईल? पाऊस लांबला किंवा पाहुणा आला तर वर किती लागेल? आणि जास्त भरलं तर ओलीने, किडीने किती वाया जाईल? आज कंपन्यांमध्ये यालाच मागणीचा अंदाज, सेफ्टी स्टॉक आणि साठा बाळगण्याचा खर्च म्हणतात. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर असतं. तरी प्रश्न तेच तीन.

घाट

कोयनानगरहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात कुंभार्ली घाट लागतो आणि रस्ता चिपळूणला उतरतो. आज हा गुहागर-विजापूर महामार्गाचा भाग आहे. पण वाट त्याहून कितीतरी जुनी. वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत गलबतं यायची. तिथून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवर घाट चढायची. देशावरून धान्य, गूळ, मिरची खाली उतरायची. लमाणांचे तांडे अशा वाटांवर शेकडो बैल घेऊन चालत.

या व्यापारात एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. बैल रिकामा परत आणायचा नाही. वर मीठ आणलं तर खाली गूळ न्यायचा. कारण रिकाम्या बैलालाही चारा लागतोच. आज ट्रकमालकाला परतीचं भाडं मिळवून देणाऱ्या मोठमोठ्या ॲप कंपन्या उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांचा सगळा धंदा या एकाच नियमावर चालतो.

दुसरा नियम ऋतूचा होता. पावसाळ्यात घाट जवळपास बंद, समुद्रही बंद. म्हणून वर्षाचा व्यवहार आठ महिन्यांत बसवायचा आणि उरलेल्या चार महिन्यांची तरतूद दोन्ही टोकांना आधीच करून ठेवायची. वाहतूक आणि साठवण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

रूळ

१८९० पर्यंत पुणे-मिरज रेल्वे सुरू झाली. देशावरच्या मालाला मुंबईची दुसरी वाट मिळाली आणि घाटवाटेचं महत्त्व हळूहळू कमी होत गेलं. पण रेल्वेने स्वतःची एक अडचण सोबत आणली. मुंबई-पुणे मार्ग ब्रॉड गेज, पुणे-मिरज मार्ग मीटर गेज. रुळांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे डबे पुढे जाऊ शकत नाहीत. मुंबईहून आलेला माल पुण्यात उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. प्रत्येक वेळी हमाली, फूटतूट, चोरी आणि उशीर. ही परिस्थिती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिली.

याच रुळांलगत दोन कारखाने उभे राहिले. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. दुसरा कारखाना १९१६ मधला, ओगले बंधूंचा काच कारखाना. ज्याला आपण कऱ्हाड स्टेशन म्हणतो ते खरं तर ओगलेवाडीत आहे, आणि तिथून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत लागला.

जमीन औंध संस्थानने दिली हे खरं. पण नकाशा उघडून पाहा. दोन्ही वाड्या स्टेशनला चिकटून आहेत. नांगराला लोखंड लागतं, भट्टीला कोळसा लागतो, दोन्ही वजनदार आणि दोन्ही दुरून येणार. तयार नांगर पुन्हा गावोगाव जाणार. काचेचा कंदील तर बैलगाडीच्या खडखडाटात फुटायचा. कारखाना कुठे असावा, या प्रश्नाचं उत्तर कच्चा माल आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या अंतरात दडलेलं असतं. एमबीएच्या अभ्यासात यावर एक अख्खं प्रकरण असतं. ते वाचताना ओगलेवाडी डोळ्यासमोर ठेवली तर चटकन समजतं.

किर्लोस्करवाडी उभी राहत होती त्याच सुमारास, १९१३ मध्ये, अमेरिकेत फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने एका मासिकात छोटा लेख लिहिला. एका वेळी किती नग बनवावेत, असा त्याचा प्रश्न होता. थोडे थोडे बनवले तर दर वेळी यंत्राची जुळवाजुळव करण्याचा खर्च. एकदम खूप बनवले तर पैसा मालात अडकतो. दोन्ही खर्चांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तो आकडा त्याने गणिताने काढून दाखवला. आज ‘ईओक्यू’ या नावाने तो प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. हॅरिस कधी कॉलेजात गेला नव्हता. इंग्रजीची किंवा डिग्रीची धास्ती घेतलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

धरण

कोयनेच्या पाण्यावर वीज करायची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी तिचा अभ्यास केला होता, पण आर्थिक मंदीत ती मागे पडली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली. १९५३ मध्ये मंजुरी मिळाली, १९५४ मध्ये काम सुरू झालं. हेळवाकजवळ, कोयना जिथे दक्षिणेकडची वाट सोडून पूर्वेला वळते, तिथे १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून लांब भिंत बांधायची होती.

हा आकडा मजुरांच्या आणि मालाच्या भाषेत वाचून पाहा. जवळचं रेल्वे स्टेशन कऱ्हाड, साठेक किलोमीटरवर. तिथवर येणारी गाडी मीटर गेजची. वर्षातले चार महिने असा पाऊस की काम चालूच शकत नाही. त्यातून सिमेंटची टंचाई. त्या काळात सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं, वाटेल तेवढं बाजारातून घेता येत नसे.

कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं आहे, यामागे हे सगळं आहे. काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत जायचे, म्हणजे तेवढं सिमेंट वाचतं. सह्याद्रीत काळ्या दगडाला तोटा नाही. जे दुरून आणावं लागतं ते कमी वापरा, जे पायाशी आहे ते जास्त वापरा. खरेदी विभागात काम करणाऱ्या माणसाने ही भिंत एकदा तरी पाहावी.

इकडे धरणाचं काम चालू असताना २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ह्यूस्टनकडे निघालं. त्यावर ५८ लोखंडी पेट्या होत्या. माल्कम मॅक्लिन हा मूळचा ट्रकवाला. बंदरात ट्रकमधून एकेक पोतं उतरवून जहाजात चढवण्याचा वेळ त्याला खुपत होता. त्याने अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवायची कल्पना लढवली. पुणे स्टेशनात ब्रॉड गेजचा माल मीटर गेजमध्ये भरणाऱ्या हमालांची अडचण आणि मॅक्लिनची अडचण एकच होती. कंटेनरने ती सोडवली आणि जगाचा व्यापार बदलला. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि आज देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते.

कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. घाटाच्या पोटात, पोफळीला, जमिनीखाली वीजगृह. पाणी पूर्वेच्या नदीचं, पण बोगद्यातून पश्चिमेला साडेचारशे मीटरहून खाली पडतं आणि वाशिष्ठीला जाऊन मिळतं. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना या विजेने बळ दिलं.

मग ११ डिसेंबर १९६७ आला. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. वीजगृह बंद पडलं आणि दूरवर मुंबईतल्या उद्योगांची वीज गेली. तिथल्या अनेकांना आपल्या यंत्रांची एक दोरी सह्याद्रीतल्या या एका खेड्याला बांधलेली आहे, याची तेव्हा जाणीव झाली असेल.

सप्लाय चेनमध्ये याला ‘सिंगल सोर्स रिस्क’ म्हणतात. सगळं एकाच ठिकाणाहून घेतलं की स्वस्त पडतं, सोपं जातं, आणि ते ठिकाण पडलं की सगळं पडतं. माझ्या नोकरीत एकदा एका रबरी वॉशरसाठी गाड्यांची अख्खी लाइन थांबलेली मी पाहिली आहे. वॉशर दीड रुपयाचा, बनवणारा एकच, आणि त्याच्या शेडमध्ये पाणी शिरलेलं. त्या रात्री वरिष्ठ एकमेकांना विचारत होते, दुसरा पुरवठादार का नव्हता? हा प्रश्न नेहमी नंतर विचारला जातो. तो आधी विचारणाऱ्या माणसाला पगार देण्यासाठीच हे खातं असतं.

पाण्याचं गोदाम

या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र धरण बांधून झाल्यानंतरचं आहे. कोयना धरण म्हणजे एक गोदाम आहे. क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३१ कोटी लिटर. माल एकच, पाणी. पुरवठादार एकच, पाऊस, आणि तो ना ऑर्डर घेतो ना तारीख देतो. गिऱ्हाईकं मात्र दोन दिशांना.

पश्चिमेला वीज. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेला शेती आणि पिण्याचं पाणी. पायथा वीजगृहातून सोडलेलं पाणी कोयनेतून कृष्णेत जातं आणि पुढे सांगलीपर्यंतच्या शेतीला आधार देतं. पायथ्याची दोन्ही यंत्रं चालू असली की साधारण २१०० क्युसेक पाणी सुटतं. हिशोबाचं वर्ष १ जून ते ३१ मे. कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, गोदामाचं वर्ष माल यायच्या तोंडावर संपतं.

विजेचंही एक वैशिष्ट्य आहे. ती मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं अवघड. पाणी मात्र साठवता येतं. त्यामुळे संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू झाले की कोळशाच्या केंद्रापेक्षा कोयना कितीतरी लवकर धावून येते. १००० मेगावॉटचा चौथा टप्पा मुख्यतः अशा वाढीव मागणीसाठीच आहे. सगळे टप्पे मिळून स्थापित क्षमता १९६० मेगावॉट होते.

आता खरा पेच. जुलैच्या मध्यावर धरण निम्म्याहून जास्त भरलं आहे. गोदामवाला काय करेल? वीजवाला आणि शेतकरी म्हणतील, साठवा, पुढे पाऊस पडेल न पडेल. नदीकाठचा माणूस म्हणेल, जागा रिकामी ठेवा, ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली तर पाणी ठेवणार कुठे? दोघांचंही बरोबर आहे. कमी साठवलं तर उन्हाळ्यात टंचाई, जास्त साठवलं तर ऐन पुरात सहा वक्र दरवाजे उचलावे लागतात.

त्याची किंमत खाली सांगलीत मोजली जाते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, आत हळद भरून तोंड बंद केलेले खड्डे. तिथली माती अशी की हळद कित्येक वर्षं टिकायची. शेतकरी आणि व्यापारी भाव येईपर्यंत माल ठेवायचे. वीज नको, शीतगृह नको. देशातल्या मोठ्या हळद बाजाराचा आधार या जमिनीखालच्या गोदामांवर होता. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि अनेक पेवं निकामी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली पुन्हा पाण्याखाली गेली. दोष अतिवृष्टीचा, कोयनेच्या विसर्गाचा, आलमट्टीच्या फुगवट्याचा की नदीपात्रातल्या बांधकामांचा, यावर वाद झाले आणि अजून होतात. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की वरच्या गोदामातला एक निर्णय खालच्या गोदामापर्यंत पोचतो. साखळीचा अर्थ हाच.

अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये असंच काहीसं कारखान्यांबद्दल मांडलं. दुकानात मागणी थोडी हलली तरी साखळीत वर वर जाताना ती लाट मोठी होत जाते. दुकानदार थोडं जास्त मागवतो, त्याचा ठोकवाला आणखी जास्त, कारखाना तर दुप्पट. २०२० च्या मार्चमध्ये सॅनिटायझरचं काय झालं ते आठवा. आधी कुठेच मिळेना, मग दुकानांमध्ये बाटल्यांचे ढीग. या लाटेला आज ‘बुलव्हिप’, म्हणजे चाबकाची लहर, म्हणतात.

खात्यावर नसलेली माणसं

माझ्या आजीचं माहेर शिवाजीसागराखाली आहे. कोयनेच्या पाण्याखाली शंभरच्या आसपास गावं गेली. माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली. कुणाला जमीन मिळाली, पण पाणी नाही. कुणाला कागद मिळाला, पण जमीन नाही. काही कुटुंबं जलाशयाच्या काठावरच वर सरकून राहिली. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने आणि धरणग्रस्तांनी त्यासाठी कितीतरी वर्षं आंदोलनं केली, कोयनानगरलाही ठिय्या दिला. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या, ज्यांनी घर सोडलं तेव्हा त्या परकऱ्या पोरी होत्या.

सप्लाय चेनमध्ये पुरवठादाराला जोखायचं एक माप असतं, माल वेळेवर आला का आणि पूर्ण आला का. दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच गुण. कोयनेने मुंबईला वीज वेळेवर आणि भरपूर दिली. त्याच प्रकल्पातली दुसरी ऑर्डर, पुनर्वसनाची, साठ वर्षं उलटली तरी काही दारांपर्यंत पूर्ण पोचलेली नाही. पहिल्या ऑर्डरचा हिशोब मेगावॉटमध्ये रोज होत होता. दुसरीचा रोजचा हिशोब ठेवणारं कुणी नव्हतं.

मी हे दुखणं म्हणून सांगतो तसंच कामातला धडा म्हणूनही सांगतो. जे मोजलं जातं ते पोचतं. आज गोदामात काम करणारा कंत्राटी पोरगा, रात्री दोनला घाटात गाडी बाजूला घेऊन झोपणारा ड्रायव्हर, दहा मिनिटांत किराणा आणून देणारा दुचाकीवाला, यांची झोप, विमा, सुट्टी आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येते? येत नसेल तर त्यांचं काय होणार, ते शिवाजीसागराच्या काठावर दिसतं.

मग स्कोपचं काय?

‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव १९८२ मधलं. कीथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागाराने ते एका मुलाखतीत वापरलं. त्याने फिलिप्स कंपनीसाठी काम करताना आधी ‘एकात्मिक साठा व्यवस्थापन’ अशा अर्थाचं नाव योजलं होतं, ते कुणाला रुचलं नाही. म्हणजे अगदी बारशाच्या आधी या विषयाचं नाव बेगमीच्या जवळ जाणारं होतं.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात त्याआधीच झाली होती. कोयनेची वीज सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, मुंबईत पवईला ‘निटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई आहे. नाशिकला सिम्बायोसिसची ऑपरेशन्स मॅनेजमेंटची स्वतंत्र संस्था आहे. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय वाहतूक आणि लॉजिस्टिक्सवरच आहे. नोकरी करता करता द्यायच्या सीपीआयएम आणि सीएससीपी या आंतरराष्ट्रीय परीक्षा आहेत (पहिल्या नावाचा राजकीय पक्षाशी संबंध नाही, हे सांगावं लागतं).

मागणी का वाढली, यालाही इतिहास आहे. पूर्वी केंद्रीय विक्रीकरामुळे कंपन्यांना जवळपास प्रत्येक राज्यात गोदाम ठेवणं सोयीचं पडायचं. शहराच्या वेशीवर जकात असायची. भिवंडीत गोदामांचं जंगल उगवलं, त्यामागे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असणं हे एक मोठं कारण होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गोदाम कुठे असावं हे करापेक्षा गिऱ्हाईक आणि रस्ता बघून ठरवता येऊ लागलं. गोदामं कमी पण मोठी झाली, त्यांत यंत्रं आली, आणि ती चालवायला शिकलेली माणसं लागू लागली. २०२२ मध्ये देशाचं पहिलं लॉजिस्टिक्स धोरण आलं. त्यावर ऑनलाइन खरेदीची भर पडली.

कामं कोणती? किती माल लागेल याचा अंदाज बांधणारे, खरेदी करणारे, कारखान्याचं वेळापत्रक लावणारे, गोदाम चालवणारे, वाहतूक ठरवणारे, आयात-निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारे, आणि या सगळ्याचे आकडे वाचणारे. सुरुवातीला ज्याला येतं त्याने एक्सेल पक्कं करावं. मग एसएपीसारखी एखादी प्रणाली, थोडी संख्याशास्त्राची समज. पुढे डेटाबेसची भाषा आली तर उत्तमच. पण एवढंच महत्त्वाचं म्हणजे गोदामात उभं राहणं. ज्याने कधी मोजणीला पोती मोजली नाहीत, त्याचा स्क्रीनवरच्या आकड्यावर नको तेवढा विश्वास बसतो.

त्रासही सांगतो. माल वेळेवर पोचला तर कुणी नाव काढत नाही, चुकला तर सगळे तुमचंच नाव घेतात. महिनाअखेर आणि दिवाळी घरच्यांबरोबर मिळेलच असं नाही. मोठ्या संस्थेतल्या पदवीने दार लवकर उघडतं, साध्या कॉलेजातून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचला काढावी लागतात, आणि तिथला पगार सुरुवातीला बेताचाच असतो. फीसाठी मोठं कर्ज काढण्याआधी त्या कॉलेजची मागच्या वर्षीची मुलं आज नक्की काय काम करतात, ते त्यांनाच फोन करून विचारा. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

आणि या कामाचं मोल कधी कळतं तेही सांगतो. १९ एप्रिल २०२१. महाराष्ट्रात ऑक्सिजनसाठी रांगा. कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. जवळची वाट घेता आली नाही, कारण वाघिणीवर चढवलेल्या टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांना अडत होती. गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी लांबून गेली. १८५० किलोमीटरहून जास्त अंतर, साधारण ५० तास. कुणीतरी टँकरची उंची मोजली होती, वाघिणीची मोजली होती, बोगद्याची मोजली होती आणि बेरीज करून नकाशावर लांबची वाट आखली होती. ते कुणी एक माणूस नसणार. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण ती बेरीज करता येणं, एवढ्यासाठी हा विषय शिकावा असं मला वाटतं.

येत्या पावसाळ्यात तुमच्या फोनवर कोयनेच्या बातम्या येतीलच. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर इथला पाऊस, धरणातला साठा, आवक, विसर्ग. जुलैतला कुठलाही एक दिवस निवडा. ते आकडे वहीत उतरवा आणि ठरवा, दरवाजे आज उचलायचे की थांबायचं? कारण लिहून ठेवा. तुमच्या निर्णयाने कुणाला पाणी मिळेल आणि कुणाच्या घरात पाणी शिरेल, तेही लिहा. मग ऑगस्टअखेर वही पुन्हा उघडा. एखाद्याला त्या वहीत रस वाटू लागला, तर त्याने या अभ्यासक्रमाचा फॉर्म जरूर भरावा.